ओढणी पेटली, असे आम्ही सांगितले

आम्ही दोघी जावा. बेलापुरात प्रवरेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमचे एकत्र घर आहे. थोरली लग्न होऊन आली तेव्हा घरात चूल होती. मधली आली तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह होता. धाकटी ज्या वर्षी आली त्याच वर्षी घरात गॅस आला, म्हणून अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, तिला कौतुकाने ‘गॅसवाली बहू’ म्हणायच्या. लिहायला आम्ही थोरली आणि मधली बसलो आहोत, पण हकीकत धाकटीची आहे. तिला विचारूनच लिहीत आहोत. ती म्हणाली, “भाभी, लिहा. पण खरं लिहा. एकदा खोटं लिहून झालंय, तेवढं पुरे.”

आमचा हा भाग उसाचा. चारी बाजूंना साखर कारखाने. हंगामात उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर, आणि बारा महिने डिझेलचे, पेट्रोलचे, स्पिरिटचे, गॅसचे टँकर श्रीरामपूर–राहुरीच्या बाजूला ये-जा करतात. टँकरच्या पाठीवर लिहिलेला ‘ज्वलनशील’ हा शब्द वाचता वाचताच आमची मुले जोडाक्षरे शिकली. धोका तिकडे रस्त्यावर आहे, असे आम्ही समजत होतो. ओट्याखालची लाल टाकीही त्याच जातीची आहे, हे डोक्यात कधी आलेच नाही.

काही वर्षांपूर्वीचा रमजान. शेवटच्या दहा रोजांपैकी एक दिवस. इफ्तारच्या गडबडीत गॅसवाला मुलगा टाकी ठेवून गेला. त्याने तपासून दाखवली नाही आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही. तेव्हा अशी तपासणी मागता येते हेच ठाऊक नव्हते. रात्री जुनी टाकी संपली, तेव्हा धाकट्या दिरांनी नवी जोडली. खटका बसला, शेगडी पेटली, सगळे ठीक वाटले. डासांमुळे स्वयंपाकघराची खिडकी बंद होती.

पहाटे सहरीसाठी सर्वांत आधी उठायची ती धाकटीच. त्या दिवशीही तीच उठली. वास आला होता, पण शेगडीचे बटण नीट बंद नसेल असे तिला वाटले. बटण पाहिले, बंदच होते. मग तिने चहाचे पातेले ठेवले आणि लायटर दाबला. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. ज्वाळा शेगडीतून आली नाही, ती पायाखालून उठली. आम्ही धावत गेलो तेव्हा ती दोन्ही हातांनी पेटलेली ओढणी अंगावरून ओढून काढत होती. हात, गळा आणि डावा गाल भाजला. टाकीच्या तोंडातला रबरी वॉशर चिरलेला होता, हे नंतर कळले. मनगटावरच्या बांगडीएवढाही नसतो तो.

आता आमच्या लाजेची गोष्ट.

जीपमध्ये तिला मांडीवर घेऊन आम्ही दवाखान्यात निघालो. तिच्या लग्नाला सात वर्षे झाली नव्हती. सून भाजली की पोलीस आधी सासरच्यांना विचारतात, हे गावात सगळ्यांना माहीत असते. विचारलेच पाहिजे, त्याशिवाय कितीतरी मुलींना न्याय मिळाला नसता. पण त्या वेळी आम्हाला फक्त भीती वाटली. स्फोट म्हटले की चौकशी, चौकशी म्हटली की घर सील, दीर ठाण्यात, वर्तमानपत्रात नाव. “ओढणी पेटली म्हणायचं, एवढंच,” हे शब्द पहिल्यांदा थोरलीच्या तोंडून निघाले. मधलीने मान हलवली. आणि त्या हालतीतही धाकटीने मान हलवली, कारण तिला आम्हाला वाचवायचे होते.

डॉक्टरांनी विचारले, “कसं भाजलं?”

“चहा ठेवताना ओढणी पेटली.”

त्यांनी तसेच केसपेपरवर लिहिले. दुपारी ठाण्यातून जमादार आले. त्यांनीही तसाच जबाब लिहून घेतला. खोटे म्हणावे तर ओढणी खरोखर पेटली होती. फक्त ती कशाने पेटली, तेवढे आम्ही सांगितले नाही.

इकडे घरी आम्ही आणखी एक काम केले. ती दवाखान्यातून येईल तेव्हा तिच्या नजरेस काही पडू नये म्हणून भिंतींची काजळी खरडून चुना मारला. एजन्सीचा माणूस आला, त्याने नवा वॉशर बसवला, जुना खिशात घातला आणि “तुम्हीच नीट बसवलं नसेल” म्हणून निघून गेला. जळका रेग्युलेटर, वितळलेला पाइप आणि वाकडी झालेली पातेली आम्ही दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली. आपण मायेने घर आवरतो आहोत, असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात आम्ही तिचा हक्क झाडून काढत होतो.

बेचाळीस दिवस ती दवाखान्यात होती. दोन गायी विकल्या, अम्मींच्या पाटल्या मोडल्या. जीव वाचला, अल्लाहचा शुक्र. पण भाजलेली कातडी आक्रसत गेली आणि उजव्या हाताची तीन बोटे तळव्याकडे वळली. तिसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया केली तर बोटे बरीचशी उघडतील. खर्च ऐकून धाकटे दीर गप्प झाले. तेव्हा आमच्या एका पुतण्याने सुचवले की श्रीरामपूरच्या कोर्टात ओळखीचे एक वकील आहेत, त्यांना विचारून तरी पाहू.

आम्ही दोघी, धाकटी आणि दीर असे चौघे गेलो. वकीलसाहेबांनी पहिल्यांदा कागद मागितले. आमच्याकडे पिशवीभर बिले होती. त्यांनी सगळी बाजूला ठेवली आणि केसपेपर वाचला. मग चष्मा काढून विचारले, “गॅस कुठे आहे यात?”

आम्ही काहीच बोललो नाही. शेवटी धाकटीच बोलली आणि तिने सगळे सांगितले.

वकीलसाहेबांनी सांगितले ते आम्हाला आजपर्यंत कोणीच सांगितले नव्हते. सरकारी तेल कंपन्या घरगुती गॅसच्या अपघातांसाठी विमा उतरवून ठेवतात. त्याचा हप्ता ग्राहकाने वेगळा भरायचा नसतो. जोडणी अधिकृत असली पाहिजे आणि आगीचे मूळ कारण गॅस असले पाहिजे. मृत्यू झाला तर माणशी सहा लाख रुपये. उपचारासाठी एका माणसाला दोन लाखांपर्यंत, आणि एका अपघातात सगळे मिळून तीस लाखांपर्यंत. नोंद असलेल्या पत्त्यावरच्या घराचे नुकसान झाले तर दोन लाखांपर्यंत. अपघात झाल्याबरोबर एजन्सीला लेखी कळवायचे, पोलिसांत नोंद करायची आणि दवाखान्याचे कागद जपायचे. एजन्सी कंपनीला कळवते, कंपनी विमा कंपनीला.

दीर म्हणाले, “पण साहेब, टाकी मीच जोडली होती. आमचीच चूक. आम्हाला कोण पैसे देणार?”

वकीलसाहेब म्हणाले, “जळालेल्या माणसाच्या घरचे सगळे हेच म्हणतात. चूक कुणाची हा प्रश्न कायदा प्रत्येक वेळी आधी विचारत नाही. तुम्हाला कवठ्याची गोष्ट सांगतो.”

ती गोष्ट आम्ही घरी येऊन कितीदा तरी आपसात बोललो आहोत. वाचकांनाही सांगतो.

२९ ऑक्टोबर १९८७. सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ वर, पहाटेच्या अंधारात पेट्रोलचा एक टँकर आणि एक मालट्रक यांची टक्कर झाली. टँकर पुण्याकडून बंगळूरकडे चालला होता. तो रस्ता सोडून साधारण वीस फुटांवर जाऊन कलंडला. पेट्रोल गळू लागले आणि आजूबाजूला साचले. उजाडले तशी माणसे जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास टँकरचा स्फोट झाला आणि आग भडकली. जमलेल्यांपैकी कित्येक जण भाजले, काही दगावले. दगावलेल्यांत एका आईचा मुलगा होता.

त्या आईने मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली. त्यातला एक भाग असा होता: १९८२ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम आले होते. वाहनाच्या वापरातून मृत्यू झाला तर चूक कुणाची हे ठरण्याआधीच वारसांना १५ हजार रुपये द्यावेत, असे ते कलम सांगत होते. तिने ते १५ हजार मागितले.

न्यायाधिकरणाने नाही म्हटले. टक्कर पहाटे झाली, स्फोट सुमारे चार तासांनी झाला. तेव्हा टँकर चालत नव्हता, आडवा पडला होता. गावातली माणसे पेट्रोल न्यायला जमली आणि त्यातून आग लागली. म्हणून हा वाहनाच्या वापरातून झालेला अपघात नव्हे, असे त्याचे म्हणणे होते.

हे ऐकताना आम्हाला कससे झाले. पोटचा मुलगा गेला, आणि वर लोक पेट्रोल चोरायला गेले होते हा शिक्का. त्या घरातही कुणीतरी म्हटले असेल, जाऊ दे, आणखी बदनामी नको. आम्ही तर एवढ्याशा भीतीने तोंड बंद केले होते. ती आई मात्र मागे हटली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. टँकरच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि १७ जुलै १९९१ रोजी त्या न्यायालयानेही आईचाच हक्क मान्य केला. न्यायालयाने सांगितले ते वकीलसाहेबांनी आम्हाला सोपे करून सांगितले: वाहनाचा ‘वापर’ म्हणजे फक्त चाके फिरणे नव्हे. उलटून पडलेला टँकरही वापरातच धरला पाहिजे. टक्कर झाली म्हणून टँकर उलटला, उलटला म्हणून पेट्रोल सांडले, सांडले म्हणून स्फोट झाला. ही एकच साखळी आहे, चार तासांनी ती तुटत नाही. गावकरी पेट्रोल नेत होते की नव्हते, या वादात आईचा हक्क बुडाला नाही.

१५ हजार रुपयांसाठी ती दिल्लीपर्यंत गेली. तिच्यामुळे देशभरातल्या अशा कितीतरी घरांना वाट मिळाली. उलटलेल्या टँकरच्या आगीत कुणी गेले तर आजही वकील हा निकाल पुढे ठेवतात.

धाकटीने विचारले, “आणि कारखान्यातून काही सुटलं तर?”

वकीलसाहेबांनी मग भोपाळचे सांगितले. ते नाव आम्हाला माहीत होते, पण त्यातून कायदा कसा घडला ते माहीत नव्हते. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पण पैसा वाटताना प्रत्येकाला आपण त्या रात्री तिथे होतो, आपल्यालाच त्रास झाला, हे दाखवावे लागले. ज्यांच्या अंगावरच्या कपड्यांशिवाय काही उरले नाही, त्यांनी कागद आणायचे कुठून?

भोपाळनंतर वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० डिसेंबर १९८६ ला नवा नियम घालून दिला. जो धोकादायक वस्तूचा धंदा करून नफा कमावतो, त्याच्या वस्तूने इजा झाली तर भरपाई त्यानेच द्यायची. आम्ही सगळी काळजी घेतली होती, ही सबब चालणार नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात अशा वेळी सुटकेच्या पळवाटा होत्या, त्या आपल्या न्यायालयाने बंद केल्या. आणि धंदा जेवढा मोठा, तेवढी भरपाई मोठी असावी, असेही सांगितले.

यानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. धोकादायक पदार्थ ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त साठवणाऱ्या, बनवणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या मालकाने विमा काढलाच पाहिजे, असे तो सांगतो. अपघात झाला तर बाहेरच्या माणसांना मदत मिळावी म्हणून. कामगारांसाठी वेगळा कायदा आहे. अर्ज करायचा तो कलेक्टरकडे, पाच वर्षांच्या आत. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कलेक्टरने शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो. मूळ कायद्यात मृत्यूसाठी २५ हजार आणि उपचारासाठी साडेबारा हजारांपर्यंत अशी रक्कम होती. पुढे नियम बदलत गेले, म्हणून अर्ज करताना चालू रक्कम कलेक्टर कचेरीतच विचारावी. शिवाय ही झाली तातडीची मदत. ती घेतली म्हणून जास्त भरपाई मागण्याचा हक्क जात नाही.

वकीलसाहेबांनी हिशेब थोडक्यात सांगितला. कारखाना, गोदाम, साठा यांतून आग किंवा वायू सुटला तर कलेक्टर. रस्त्यावरच्या वाहनातून झाले तर मोटार अपघात न्यायाधिकरण. तिथे आता १ एप्रिल २०२२ पासून चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात, पण अर्ज सहा महिन्यांत करायचा असा नियम आहे. आणि घरातल्या गॅसचे असेल तर एजन्सी आणि कंपनी. त्यांनी दाद दिली नाही तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोग.

आम्ही तिसऱ्या वर्षी गेलो होतो.

“उशीर एक वेळ माफ करून घेता येईल,” ते म्हणाले, “पण हा केसपेपर मी काय करू? तुमच्याच सहीने लिहिलंय की ओढणी पेटली. वॉशर नाही, रेग्युलेटर नाही, पंचनामा नाही, फोटो नाही.” ते रागावले नव्हते. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. तो चहा आमच्या घशाखाली उतरला नाही.

तरीही त्यांनी अर्ज तयार करून पाठवला. काही महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: उपलब्ध नोंदींत गॅसचा उल्लेख नाही, सबब दावा विचारात घेता येत नाही. आम्हाला त्या पत्राचा राग आला नाही. त्यांनी आमचेच वाक्य आम्हाला परत पाठवले होते.

त्या रात्री घरात पहिल्यांदाच मोकळे बोलणे झाले. धाकटीचे वडील आले होते. ते म्हणाले, “जे नशिबात होतं ते झालं. सबर करा. दुखण्याचे पैसे मागायचे म्हणजे कसंतरीच वाटतं.” आम्हालाही आजवर तसेच वाटत होते. पण अम्मी, ज्या अशा वेळी सहसा बोलत नाहीत, त्या बोलल्या. “सबर वेगळा आणि हक वेगळा. चुकून जीव गेला तरी वारसांना दियत द्यायची, हे सूरह निसात आहे. माफ करायचं असेल तर ते वारसांनी करायचं. मागितलंच नाही तर माफ काय केलं?” मग त्या धाकटीकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तुझा हक आम्ही घालवला, बेटा. तो तू आम्हाला माफ कर.”

धाकटी उठली आणि अम्मींच्या पायाशी जाऊन बसली. कोणीच काही बोलले नाही.

आमच्या मनात एक गोष्ट मात्र राहिली, ती इथे लिहितो. आमची भीती खोटी नव्हती. पण खरे सांगितले असते तर काय झाले असते? पोलीस आले असते. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले असते, टाकी पाहिली असती, चिरलेला वॉशर पंचनाम्यात आला असता. धाकटीने स्वतःच्या तोंडाने सांगितले असते. म्हणजे ज्या चौकशीला आम्ही घाबरलो, तीच आमची निर्दोष असल्याची साक्ष झाली असती आणि तिच्या उपचाराचा पैसाही. खोट्याने आम्ही ज्यापासून वाचलो, ते मुळात आमच्यावर येणारच नव्हते.

शस्त्रक्रिया झाली. थोरलीच्या माहेरून काही आले, काही उसाच्या बिलातून, काही कर्ज. तीनपैकी दोन बोटे बरीचशी उघडली. तिसरे अजून अर्धे वाकलेले आहे. ती आता शिवणाचे मशीन चालवते. सुईत दोरा मात्र आम्ही ओवून देतो.

गल्लीत कुणाच्या घरी नवी टाकी आली की आता आम्हाला बोलावणे येते. आम्ही सांगतो ते असे: टाकी देणाऱ्याकडून वॉशर आणि गळती तपासून घ्या, तो घाईत असला तरी. घरी साबणाचे पाणी लावून पाहा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून कधीच पाहू नका. रबरी नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर दिव्याचे बटणसुद्धा दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका. खिडक्या-दारे उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. तो गळतीसाठीचाच नंबर आहे.

आणि अल्लाह न करो, काही झालेच, तर आधी माणसाला वाचवा. मग मात्र काही झाडू नका, पुसू नका, विकू नका. टाकी, रेग्युलेटर, नळी जागेवर राहू द्या. मोबाइलने फोटो काढा. एजन्सीला लेखी कळवा आणि पोहोच घ्या. पोलिसांना पंचनामा करायला लावा. गॅसचे पुस्तक आणि शेवटच्या टाकीची पावती सांभाळून ठेवा. आणि डॉक्टरांनी विचारले की कसे भाजले, तर झाले तसेच सांगा. केसपेपरवरची पहिली ओळ पुढे कुणालाच खोडता येत नाही.

काही बायका म्हणतात, एवढे सगळे त्या वेळी कुणाला सुचते? खरे आहे, सुचत नाही. म्हणून तर आधी बोलून ठेवायचे. आम्हाला कुणी आधी सांगितले असते तर जीपमध्ये थोरलीच्या तोंडून दुसरे वाक्य निघाले असते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे टाकी आली. मुलगा नवा होता. उतरवून निघालाच होता, तर धाकटीने त्याला थांबवले. तिने साबणाचे पाणी वाटीत आणले आणि वाकलेल्या बोटाने टाकीच्या तोंडाला लावले. त्याने ते बोट पाहिले आणि न विचारताच खाली बसून वॉशर काढून दाखवला, पुन्हा बसवला. बुडबुडा आला नाही. जाताना म्हणाला, “आपा, बाकीच्यांकडे पण असंच दाखवत जाईन.”

धाकटी आत आली, ओट्यावर हात पुसला आणि आम्हाला म्हणाली, “भाभी, खिडकी उघडी ठेवा.” मग तिने चहा ठेवला.